कोंडा कुठे जातो?

आयुष्यात मी मद्याच्या पेल्याला कधी शिवलो नाही, ही गोष्ट मी आजवर पुष्कळांना पुष्कळ प्रसंगी ऐकवली आहे. कुणी विचारले म्हणून ऐकवली असे थोड्याच वेळा झाले. बहुतेक वेळा न विचारताच. ऐकवताना आवाजात एक बारीकशी ऐट येते हे मला ठाऊक आहे. बाहत्तरी गाठलेल्या निवृत्त शिक्षकाजवळ ऐट करण्यासारखे दुसरे असते तरी काय? तेव्हा गेल्या शरद ऋतूत टोकियोतल्या एका उपाहारगृहाच्या बारमध्ये, उंच स्टुलावर पाय लोंबकळत ठेवून मी बसलो होतो हे वाचून माझे जुने विद्यार्थी गालात हसतील. खुशाल हसोत.

माझी लेक आणि जावई टोकियोच्या पूर्वेला, निशी-कासाईत राहतात. आपल्याकडची कितीतरी कुटुंबे तिथे स्थायिक झाली आहेत. त्या दिवशी लेकीने एका लहानशा उपाहारगृहात जागा सांगून ठेवली होती. नातू शेजारच्या घरी राहिला होता. टेबल रिकामे व्हायला अवकाश होता, म्हणून आम्हाला आधी बारपाशी बसवले. समोर फळ्यांवर नाना आकारांच्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. एखाद्या नेटक्या वैद्याचा दवाखाना असावा तसे ते दृश्य दिसत होते.

जावई संकोचले होते. सासऱ्यासमोर काय मागवावे, हा पेच आपल्याकडे अजून सुटलेला नाही, आणि तो टोकियोपर्यंतही जातो. त्यांनी चहा मागवायला तोंड उघडले, तेव्हा मीच म्हणालो, “जावईबापू, माझ्यासाठी अडून राहू नका. तुम्ही रोज जे घेता ते घ्या.”

“रोज नाही हो घेत,” ते घाईने म्हणाले. लेक हसली. मग त्यांनी एक बाटली दाखवली आणि तिचे नाव सांगितले : हाकू. हाकू म्हणजे पांढरा. सनटोरी या जपानी कंपनीची ही व्होडका, आणि ती तांदळाची!

तांदळाचे नाव निघताच मी कान टवकारले. माझा जन्म कोकणातला. भाताशी माझे नाते पेल्याच्या नात्याहून फार जुने. पेला समोर आला तेव्हा मी तो हातात घेऊन दिव्यासमोर धरला. पाणी! नाकाशी नेला. गंध जवळजवळ नाहीच. “यात तांदूळ कुठे आहे?” मी विचारले.

लेकीने माझा प्रश्न बारवाल्या गृहस्थांना जपानीत सांगितला. ते साठीचे, शांत चेहऱ्याचे होते. हातातले फडके बाजूला ठेवून त्यांनी एकेक टप्पा समजावून दिला आणि लेक तो मराठीत आणत गेली. प्रथम तांदूळ सडून पांढरा करतात. त्यावर कोजी नावाची बुरशी वाढवतात; ती तांदळातल्या पिठाची साखर करते. साखर आंबते, मग ते ऊर्ध्वपातनाने गाळतात. हे काम दक्षिणेकडे कागोशिमात होते. ओसाकाला ते पुन्हा गाळले जाते. शेवटी बांबूच्या कोळशातून झिरपवतात. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी निघून जाते. उरते ते हे, आणि जिभेच्या टोकाला भाताची किंचित गोडी. त्यांच्या सांगण्यात अभिमान होता, आणि तो रास्त होता. कुठल्याही कसबी माणसाला आपल्या कामाविषयी असावा तितकाच.

जपानला तांदळाचे मद्य काही नवे नाही. साके तर जगाला माहीत आहे. क्यूशू बेटावर हितोयोशीच्या बाजूला तांदळाची शोचू गाळतात, ओकिनावात आवामोरी. पण या साऱ्यांत म्हणे तांदूळ आपली ओळख ठेवून असतो. व्होडकाचा धर्मच निराळा. अमेरिकेच्या सरकारी नियमांत व्होडकाची व्याख्याच अशी होती की जिला स्वतःचे वैशिष्ट्य नाही, गंध नाही, चव नाही, रंग नाही, ती व्होडका. २०२० साली हे शब्द त्या नियमांतून वगळण्यात आले. परंतु तोवर कायद्याच्या पुस्तकात एका वस्तूचा गुण असा नोंदलेला होता की तिला कसलाच गुण नाही! गावचा पाटील जसा मुलगा दाखवताना म्हणतो, “आमच्या पोराला एक व्यसन नाही,” आणि पोराला काय येते हे सांगायचे राहून जाते, त्यातलाच हा प्रकार.

मी हसलो खरा. पण तो पाटील मीच होतो, हे ध्यानात यायला फार वेळ लागला नाही. मघाशी सांगितलेली माझी ऐट आठवा. मी अमुक करत नाही, तमुकाला शिवत नाही. माझे सारे पुण्य वजाबाकीचे!

आपल्याकडे शुद्धतेची कल्पना बहुतांशी अशीच वजाबाकीची आहे. निवडलेले तांदूळ, गाळलेले पाणी, कढवून बेरी काढलेले तूप. सोवळे म्हणजे काय, तर कशाकशाचा स्पर्श झालेला नाही त्याची यादी. तत्त्वज्ञानाच्या शिखरावर गेले तरी तिथे ‘नेति नेति’ आहेच : हे नव्हे, हेही नव्हे. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला उटणे लावून आई आमची पाठ घासायची ती मळ काढण्यासाठीच. वजाबाकी वाईट असे कोण म्हणेल? पाणी गाळले नाही तर पटकी होते, आणि तांदूळ निवडले नाहीत तर घासाला खडा लागतो. पण खडा कोणता आणि दाणा कोणता हे ठाऊक आहे, असे गृहीत धरूनच माणूस निवडायला बसतो. आणि हे गृहीत चुकले तर? ज्या शहरात मी बसलो होतो त्या शहराचाच इतिहास याचे उत्तर देतो, आणि ते तांदळातूनच देतो.

टोकियोचे जुने नाव एदो. त्या काळी एदोत येणाऱ्या खेडूतांना एक विचित्र दुखणे जडे. पाय जड होत, सुजत, मुंग्या येत, छाती धडधडे आणि काही माणसे दगावत. गावी परत गेले की बहुतेक बरे होत. म्हणून त्या दुखण्याचे नावच पडले ‘एदोचे दुखणे’. आपण त्याला बेरीबेरी म्हणतो. खेड्यात माणूस जव, नाचणीसारखी भरड धान्ये आणि कमी सडलेला तांदूळ खाई. एदोत आला की पांढराशुभ्र भात. पांढरा भात हे श्रीमंतीचे लक्षण होते आणि गरिबाचे स्वप्न. राजवाडेही या दुखण्यातून सुटले नाहीत. चौदावा शोगुन इएमोची १८६६ साली विसाव्या वर्षी वारला तो याच दुखण्याने, असे सांगतात.

मग आरमाराची पाळी आली. १८८३ साली ‘र्‍यूजो’ नावाचे शिकाऊ जहाज लांबच्या सफरीवरून परतले तेव्हा ३७६ माणसांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला होता आणि २५ जण मेले होते. आरमाराचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो हे लंडनला शिकून आलेले गृहस्थ. अधिकाऱ्यांना हे दुखणे क्वचित होते आणि भातावर राहणाऱ्या खलाशांना फार, हे त्यांनी हेरले. १८८४ साली ‘त्सुकुबा’ जहाज त्याच मार्गाने पाठवले, फक्त शिधा बदलला : मांस, दूध, पाव. या वेळी बेरीबेरीने एकही माणूस दगावला नाही. पुढे आरमाराच्या भातात जव मिसळू लागले आणि दुखणे हटले. ताकाकींना सरदारकी मिळाली तेव्हा लोक त्यांना थट्टेने आणि प्रेमाने ‘जवाचे सरदार’ म्हणत.

गंमत अशी की ताकाकींनी दिलेले कारण चुकीचे होते. त्यांना वाटे, अन्नात प्रथिने कमी पडतात. उलट लष्कराचे डॉक्टर मोरी रिंतारो यांच्याजवळ त्या काळची पक्की विद्या होती. जर्मनीत शिकलेले, आणि शिवाय मोरी ओगाई या नावाने जपानी साहित्यात अमर झालेले मोठे लेखक. रोग जंतूंनी होतात हे नवे शास्त्र त्यांना पटलेले. जवाने रोग हटतो याला पुरावा काय, हा त्यांचा आणि त्यांच्या वरिष्ठांचा सवाल. शिवाय शिपाई म्हणजे खेड्यातली गरिबांची पोरे. देशासाठी मरायला निघालेल्या पोराला निदान पोटभर पांढरा भात तरी मिळावा, ही त्यामागची भावनाही खोटी नव्हती. तेव्हा लष्कराने पांढरा भात चालू ठेवला. १९०४-०५ च्या रशियाशी झालेल्या युद्धात सुमारे २७,००० जपानी शिपाई बेरीबेरीने मेले.

१९१० साली टोकियोच्या विद्यापीठातल्या सुझुकी उमेतारो यांनी हे दुखणे हटवणारे द्रव्य वेगळे काढले. कशातून, तर तांदळाच्या कोंड्यातून! आज त्याला आपण ‘ब-१’ जीवनसत्त्व म्हणतो. तांदूळ शुभ्र करण्यासाठी जे सडून, पाखडून बाजूला केले होते, त्यातच शिपायाचे प्राण होते.

हा इतिहास मी पूर्वी वाचला होता. वर्गात मुलांना सांगितलाही होता, आणि सांगून झाल्यावर फळा पुसून घरी गेलो होतो. पण त्या दिवशी समोर तो स्वच्छ पेला होता, आणि लेक सहज म्हणाली, “बाबा, दादाकाका असते तर म्हणाले असते, ही कसली दारू, हिला वाससुद्धा नाही!”

ती हसत होती. मला मात्र हसू आले नाही. आमच्या घरात दादाचे नाव तीस-पस्तीस वर्षांत क्वचितच निघाले असेल.

दादा माझा थोरला भाऊ, आठ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले तेव्हा तो मुंबईच्या एका गिरणीत लागला. रात्रपाळी करून महिन्याच्या सात तारखेला तो मनिऑर्डर पाठवी. तिच्यावर माझी कॉलेजची चार वर्षे निघाली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या संपातून त्याची गिरणी पुन्हा उठलीच नाही. आधी सणावारी घेणारा दादा मग रोज घेऊ लागला. १९८६ साली तो पुण्याला माझ्या घरी राहायला आला. सकाळी तो लेकीला शाळेत सोडी, कागदाचे आकाशकंदील करून देई, गिरणीतल्या भुतांच्या गोष्टी सांगे. संध्याकाळी मात्र त्याची पावले ओळखू येत नसत. शेजारी बोलू लागले. मी शिक्षक. एका रात्री तो जिन्यात पडला, शिवीगाळ झाली, लेक दाराआडून पाहत उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, तो शुद्धीवर असताना, मी त्याला म्हणालो, “दादा, हे मुलाबाळांचं घर आहे. इथलं वातावरण स्वच्छ राहिलं पाहिजे.”

तो काही बोलला नाही. पिशवी भरली आणि गेला. पाच वर्षांनी, परळच्या एका जुन्या सोबत्याच्या खोलीत तो वारला.

त्या सोबत्याने मला त्याचे कागद दिले. त्यात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या होत्या. हातापायांना मुंग्या, तोल जाणे, आणि त्याखाली इंजेक्शन लिहून दिलेले : ‘ब-१’. त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नाही. पुढे कळला. सतत पिणाऱ्याच्या शरीरातून हेच जीवनसत्त्व आटते, जे तांदळाच्या कोंड्यात असते. एदोच्या खेडुताला शुभ्र भाताने जे केले, तेच दादाला बाटलीने केले होते.

वाचकहो, मी काही मद्याची वकिली करायला बसलेलो नाही. दारूने माझ्या भावाचे काय केले ते मी पाहिले आहे, आणि ज्या घरात लहान मूल दाराआड उभे राहून थरथरते त्या घराने दार लावून घेतले तर त्याला दोष देण्याचा अधिकार मला तरी नाही. आजही ती रात्र पुन्हा आली तर मी बाटली घरात येऊ देणार नाही. प्रश्न तो नाही. प्रश्न असा आहे की मला काढायची होती दारू, आणि मी काढला दादा. दोन्ही एकमेकांना चिकटलेली होती, हे खरे. तांदळाला कोंडा चिकटलेला असतो तशी. ती सोडवून घ्यायला वेळ लागला असता, डॉक्टर लागले असते, चार रात्री जागाव्या लागल्या असत्या, शेजाऱ्यांचे बोलणे ऐकावे लागले असते. मी सोपा मार्ग घेतला आणि त्याला शुद्धतेचे नाव दिले. नंतर मी आणखी एक गोष्ट केली. घरात त्याचा विषय बंद केला. मनिऑर्डरचाही आणि आकाशकंदिलांचाही. घर अगदी स्वच्छ झाले. त्या पेल्यासारखे.

मोरींना मी आता पूर्वीसारखा दोष देत नाही. ते दुष्ट नव्हते, अडाणीही नव्हते. आपल्या विद्येवर आणि आपल्या हेतूवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. टाकण्यात चूक होते ती बहुधा अशाच माणसांच्या हातून. ताकाकींचे कारण चुकले, पण त्यांची नजर खलाशाच्या ताटावर आणि खलाशाच्या पायांवर होती. आपण काय टाकतो आहोत हे आपल्याला पुरते कळत नाही, म्हणून काहीच टाकू नये असे नाही. पण टाकल्यावर त्याचे काय झाले, त्यावाचून कोणाचे काय झाले, हे पाहायला पुन्हा एकदा मागे वळावे, एवढी नम्रता हवी. शुद्ध होण्याच्या खटाटोपात आपण नेमकी तीच विसरतो. स्वच्छ झालेल्या माणसाला मागे वळून उकिरड्याकडे पाहणे कमीपणाचे वाटते.

मी लेकीला म्हणालो, “त्यांना एक विचार. एवढा तांदूळ सडतात, तर मग कोंडा कुठे जातो?”

तिला वाटले मी काही गमतीने विचारतो आहे. पण बारवाल्या गृहस्थांचा चेहरा उजळला. ते आत गेले आणि एक छोटी बशी घेऊन आले. तीत काकडी, मुळा आणि वांगे यांच्या फोडी होत्या. हे कोंड्यातले लोणचे. कोंडा, मीठ आणि पाणी यांचा ओला थर मडक्यात करायचा, त्यात भाज्या पुरायच्या. कोंड्याचा कस भाजीत उतरतो. हा थर वर्षानुवर्षे चालतो. काही घरांतून तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. आपल्याकडे ‘कोंड्याचा मांडा’ म्हणतात तो हाच की! आमच्या घरी कोंडा गाईच्या आंबोणात जाई; आईने कधी चिमूटभर वाया जाऊ दिला नाही. मी फोड तोंडात टाकली. आंबट, खारट, जराशी मातकट. तिला चव होती, वासही होता. हे काय आहे असे विचारायची गरज पडू नये इतकी तिला ओळख होती.

“हे टिकवायचं कसं?” मी विचारले.

त्यांनी आपला उजवा हात वर केला आणि काहीतरी ढवळल्यासारखा फिरवला. लेक म्हणाली, “ते म्हणतात, रोज हात घालावा लागतो. तळापर्यंत. दोन-चार दिवस दुर्लक्ष झालं की बिघडतं.”

मी बराच वेळ त्यांच्या हाताकडे पाहत राहिलो. जावयांनी आपला पेला जरा दूर सरकवला होता, मी त्यांना म्हणालो, “संपवा, सावकाश संपवा. तुमच्यावर माझा राग नाही.” आणि मग, का कोण जाणे, पुढे म्हणालो, “दादा तुम्हाला आवडला असता.”

लेकीने माझ्याकडे चमकून पाहिले. काही बोलली नाही. बशी तेवढी माझ्याकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अकरा वर्षांच्या नातवाला घेऊन मी नदीच्या बांधावर फिरायला गेलो. दिवाळी आठवड्यावर आली होती आणि त्याला आकाशकंदील करायचा होता. कागदाच्या घड्या कशा घालायच्या हे मला काही आठवेना. मी म्हणालो, “हे तुझ्या आईला येतं. तिला माझ्या थोरल्या भावाने शिकवलं.”

“तुम्हाला भाऊ होता?” तो म्हणाला.

मग बांधावरच्या बाकावर बसून मी त्याला दादा सांगितला. सात तारखेची मनिऑर्डर सांगितली, गिरणी सांगितली, भुतांच्या गोष्टी सांगितल्या. त्याचे पिणेही सांगितले, जिन्यातली रात्र सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय बोललो तेही सांगितले. सांगताना दोनदा वाटले, एवढे कशाला, पोर लहान आहे, थोडे गाळून सांगावे. पण नाही गाळले.

तो ऐकत राहिला. शेवटी त्याने एवढेच विचारले, “मग ते कुठे गेले?”